आढ्यावरचं गिधाड

दारात जनावर मेलं की माणसाला रडायलाही सवड मिळत नाही. ते उचलायचं कुणी, हा प्रश्न आधी उभा राहतो. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मारेगावच्या पूर्वेला, कपाशीच्या काळ्या रानात, रूपसिंग नायकाचा तांडा आहे. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरलेली ही मंडळी आता शेती करून स्थिरावलेली. तिथं भावसिंग नावाचा एक कष्टाळू शेतकरी राहत होता. घरात बायको सोनीबाई आणि सून जमनी. मुलगा वणीला जिनिंगमध्ये कामाला होता, सणावाराला घरी येई. जमनीला दिवस गेलेले होते. तिचं पहिलं बाळ जन्मून डोळे न उघडताच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला सोनीबाई तिला जड घागर उचलू द्यायची नाही, झाडाखाली एकटी बसू द्यायची नाही. भावसिंग बोलून दाखवत नसे, पण रोज संध्याकाळी तांड्याच्या संताच्या, सेवाभायाच्या ओट्यावर दिवा लावताना तो एवढंच मागायचा, की हे लेकरू जगू दे.

अशात चैत्राच्या अष्टमीला त्याचा लाख्या बैल मेला. रात्री चारा खाल्ला होता, सकाळी पाय ताठ.

पूर्वी अशा वेळी भावसिंगला काही करावं लागत नसे. पलीकडच्या गावातून उकंडा आणि त्याचे भाऊबंद यायचे, बैल ओढून टेकडीच्या पल्याड न्यायचे, कातडं काढायचे. पण नागपूरला दीक्षा झाली, उकंडाच्या वस्तीनं बुद्धाचा मार्ग धरला आणि ते काम कायमचं सोडलं. त्याला आता काही वर्षं झाली होती. तांड्याला ते अजून पचलं नव्हतं. ‘लई मोठे झाले’ असं लोक आपसांत म्हणत. त्या वस्तीतल्या कुणी तांड्याच्या शिवेच्या आत पाय ठेवायचा नाही, असंही पंचांनी रागाच्या भरात ठरवून टाकलं होतं.

भावसिंग तरी उकंडाकडे गेला. दोघं लहानपणी एकाच माळावर ढोरं चारत, एकाच नाल्यात डुंबत. उकंडानं त्याला बाजेवर बसवलं, पाणी विचारलं. भावसिंगनं पाणी नको म्हटलं आणि काम सांगितलं.

“बैल गुणाचा व्हता गा तुहा,” उकंडा म्हणाला. “मले बी वाईट वाटून राह्यलं. पण ओढायचं काम आता आमच्याकडं नाही. ज्याचं ढोर, त्यानं ओढावं.”

“मंग आमी काय करावं?”

“काय करता, दोर धरावा. घरी नसला त मी देतो.”

भावसिंग तसाच उठून आला. तो टोमणा त्याला रस्ताभर बोचत राहिला. मेलेल्या ढोराला हात लावला तर पंच दंड करतील, आणि नाही लावला तर दारात सडेल. शेवटी अंधार पडताना त्यानं आणि सोनीबाईनं बाभळीच्या फांद्यांवर लाख्याला लोटलं आणि कुणाच्या नजरेला पडायच्या आत घरामागच्या नाल्याच्या काठावर नेऊन टाकलं. खरं तर टेकडीपल्याड न्यायला हवं होतं. पण तिकडची वाट तांड्यातून जात होती, आणि भावसिंगला लाज आडवी आली.

वाचकहो, या कथेतलं पुढचं सगळं त्या लाजेतून झालं.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. तांड्यात श्रावणबुवा कीर्तनाला आले होते. बुवांची उमर जंगल खात्यात नाकेदार म्हणून गेली होती. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी खांद्यावरची बंदूक ठेवून वीणा घेतली. गळा असा, की पहिला अभंग लागताच टाळकऱ्यांचं हातातल्या टाळांचं भान सुटावं. चालता चालता मध्येच थांबून झाडात टक लावून पाहायची त्यांची जंगलातली सवय मात्र गेली नव्हती. लोक थट्टा करत, “बुवा, देव वर हाय का पाखरू?” बुवा म्हणत, “दोघं बी. एकाले नीट पाह्यलं का दुसरा दिसते.”

दुपारी रामजन्म झाला. पाळणा हलवून, गुलाल लावून बाया घरी परतल्या. जमनी अंगणात गोवऱ्या मांडत होती. एकाएकी तिच्या हातावरून एक सावली सरकली. मोठी, संथ, कडा फाटलेली सावली. ती अंगणभर फिरली आणि थांबली. जमनीनं मान वर केली.

घराच्या आढ्यावर गिधाड बसलं होतं.

“याडी,” तिनं सासूला हळूच हाक मारली, “वर पाहा.”

सोनीबाईनं पाहिलं आणि पदर तोंडात धरला. भावसिंग बाहेर आला, त्यानं पायातली चप्पल काढून भिरकावली. पाखरू जागचं हललं नाही. दुसरी चप्पल लागली तेव्हा जड पंख उघडून ते उडालं, नाल्याकडे गेलं आणि थोड्या वेळानं परत येऊन तिथंच बसलं. दिवस मावळेपर्यंत ते जात-येत राहिलं. अंगणात सावली यायची, जायची. जमनी घरातल्या कोपऱ्यात जात्यापाशी बसून होती, आणि तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

गिधाड बसलेलं घर राहण्याजोगं नसतं, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे! भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, की आढं उतरवा, घर सोडा, नाही तर सुनेच्या पोटातलं हे पाखरू नेईल.

आता ते आढं म्हणजे भावसिंगचा जीव. दोन उन्हाळ्यांमागं त्यानं नवं घर बांधलं तेव्हा नाल्याकाठचा जुना कहू, ज्याला शहरात अर्जुन म्हणतात, तो पाडून त्याच्या एकाच सरळ खोडाचं आढं केलं होतं. तसं आढं तांड्यात कुणाकडे नव्हतं. आलेल्या पाहुण्याला तो आधी मान वर करायला लावायचा, मग पाणी द्यायचा.

संध्याकाळी तो नायकाच्या घरी बुवांपाशी गेला. सगळं सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं आणि भलताच प्रश्न केला.

“कोणतं गिधाड व्हतं?”

“कोणतं म्हंजे? गिधाड ते गिधाड.”

“आपल्याकडं तीन-चार जातीचे हायेत बाप्पा. डोस्कं लाल व्हतं का काळं? मान उघडी व्हती का पिसायची? पंख उघडले तवा पाठ कोणत्या रंगाची दिसली?”

“अशुभाकडं कोण टक लावून पाह्यते, बुवा? मी त चप्पल फेकली.”

“मंग तू गिधाड पाह्यलंच नाही,” बुवा म्हणाले. “तुले फक्त तुहं भेव दिसलं.”

 बुवांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सकाळी नाल्याजवळच्या पळसाखाली ये, आपण दोघं बसून नीट पाहू, असं त्यांनी सांगितलं. कुठून येते, काहून येते, तुझ्याच घरावर काहून बसते, सगळं पाखरूच सांगेल. पाहून झाल्यावरही भीती राहिली, तर मी स्वतः शिडीवर चढून आढं उतरवायला हात लावीन. भावसिंगनं हो म्हटलं.

घरी आला तर सोनीबाई रडत होती. जमनी जेवली नव्हती. त्या रडण्यापुढं बुवांचा शब्द त्याला हलका वाटला.

सकाळी बुवा पळसाखाली जाऊन बसले. भावसिंग तिकडे फिरकला नाही. बुवा यायच्या आधीच, तांबडं फुटताना, त्यानं माळ्यावरचा डबा काढला होता. मागल्या पावसाळ्यात कपाशीवर मारायला आणलेलं औषध त्यात उरलं होतं. डब्यावर कवटीचं चित्र होतं. कुत्र्यांनी पहाटे लाख्याचं पोट फाडलं होतं. भावसिंगनं नाकाला धोतराचा सोगा लावून डबा त्यात ओतला आणि रिकामा डबा रेतीत पुरला. मेलेल्या बैलाच्या डोळ्यांकडे त्यानं पाहिलं नाही.

उन्हं तापली तशी निळ्या आभाळात एक ठिपका आला. मग दुसरा. गिधाडाचं असं असतं, एक खाली वळलं की कोसभर दूरचं दुसरं ते पाहतं, त्याला तिसरं पाहतं, आणि कुठूनशी रांग लागते. दुपारपर्यंत नाल्याचा काठ त्यांनी काळा करून टाकला. बुवा पळसाखालून पाहत होते. त्यांना डब्याची गोष्ट ठाऊक नव्हती. आज पाखरं भरपूर आहेत, भावसिंग असता तर त्याला नीट दाखवता आलं असतं, एवढंच त्यांच्या मनात होतं. कीर्तनाची वेळ झाली तसे ते उठले.

दशमीचं कीर्तन दुपार कलताना ओट्यापुढच्या कडुलिंबाखाली उभं राहिलं. प्रसादाला लापशी होती. तीन दगडांच्या चुलीवर मोठी कढई चढली होती, गूळ फुटत होता. तांड्याचं पिण्याचं पाणी उन्हाळ्यात नाल्याच्या रेतीत खोदलेल्या झिऱ्यातून यायचं. झिऱ्याला लागूनच एक लहान डोह होता. जमनीनं आज मुद्दाम सासूचं ऐकलं नाही. रामाच्या प्रसादाचं पाणी आपल्या हातानं आणलं तर आपल्यावरचं अरिष्ट टळेल, असं त्या भोळ्या जिवाला वाटलं. तिनं दोन घागरी आणून दिल्या आणि बायांच्या मागं जाऊन बसली.

बुवांनी उत्तररंगाला जटायूचं आख्यान लावलं. भावसिंगला ते कुणी तरी आपल्याला सांगतंय असं वाटलं. रावण सीतामाईला घेऊन चालला आहे. वनात इतके जीव, कुणी आडवं होत नाही. एक म्हातारं गिधाड उठतं. पंख तुटतात, तरी वाट सोडत नाही. आणि मग राम येतो, ते रक्तानं भिजलेलं डोकं आपल्या मांडीवर घेतो. बुवांचा आवाज खाली आला. “दशरथाच्या वक्ती राम नव्हता. बापाले पाणी पाजाचं राहून गेलं व्हतं. ते पाणी रामानं या पाखराले पाजलं. ज्याले तुमी घरावर बसू देत नाही, त्याले देवानं मांडीवर बसवलं.”

बाया डोळे पुसू लागल्या. रूपसिंग नायकासारखा कडक माणूस खाली मान घालून बसला. सारा तांडा गिधाडासाठी रडत होता. भावसिंग एकटा कोरड्या डोळ्यांनी आपल्या हातांकडे पाहत होता. सकाळपासून तीनदा धुऊनही त्यांना औषधाचा वास येत होता.

लोक फार हळवे झाले की बुवा त्यांना हसवत. त्यांनी झांज वाजवली आणि म्हणाले, “तुमी म्हणता, गिधाड घाणेरडं. मी उमरभर पाह्यलं हाय. पोट भरलं का ते पह्यले पाण्यावर जाते. डोहात उतरते, पंख झाडून आंघोळ करते, पाणी पेते, मंग उन्हात अंग वाळवते. आन आपल्यातले काही जण अशे हायेत, का जेवल्यावर हात धोतरालेच पुसते!”

खसखस पिकली. नायकानं शेजाऱ्याच्या धोतराकडे बोट दाखवलं, तशी पोरंटोरंही हसली.

भावसिंगच्या कानात मात्र बुवांचं एकच वाक्य अडकून राहिलं. पोट भरलं का पह्यले पाण्यावर जाते. चैत्रात नाल्याला दुसरं पाणी कुठं होतं? त्यानं कढईकडे पाहिलं. कढईशेजारी त्याच्या घरची, वाटोळ्या बुडाची घागर पालथी घातलेली होती.

कसं सांगावं? सगळ्या तांड्यापुढं, जटायूचं नाव हवेत असताना! न सांगावं तर पंगत बसायला आली होती. पत्रावळी मांडल्या जात होत्या.

भावसिंग उभा राहिला.

“बुवा, थांबा,” तो म्हणाला. टाळ थांबले. “लापशी कोणी खाऊ नका. मी लाख्यावर कपाशीचं औषध ओतलं. गिधाडं मरावे म्हून. ते खाऊन ते डोहावरच गेले असतीन.”

 चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं. सोनीबाई सावकाश मागं वळली.

“पोरी, पाणी कवा आणलं?”

“कीर्तन उभं राह्यलं तवा,” जमनी म्हणाली. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. “पाण्यात पिसं तरंगत व्हते. मी हातानं बाजूले केले.”

“तू पेली का?”

“उन्हाचं चालून तहान लागलती, याडी. ओंजळभर पेली.”

अरेरे! ज्या लेकरासाठी त्यानं विष ओतलं, त्या लेकराच्या आईच्या ओंजळीत ते आलं.

बुवांनी वीणा नायकाच्या हातात दिली. बायांनी जमनीला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं. कढई तशीच उचलून खड्ड्यात पालथी केली. पुरुष नाल्याकडे धावले.

नाल्यात जे दिसलं, ते त्या माणसांनी पुढं कधी बायकांना धड सांगितलं नाही. डोहाच्या काठानं गिधाडं पडली होती. काहींचे पंख अजून रेती झाडत होते. एक उभं होतं, मान थरथर कापत होती, ते पाण्याकडे एक पाऊल टाकायचं आणि कलंडायचं. तांड्याची दोन कुत्री दातखीळ बसून पडली होती. आवाज कसलाही नव्हता. एवढी पाखरं मरत होती आणि एकही ओरडत नव्हतं.

झिऱ्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग रचलेला होता. त्याशेजारी उकंडा हातात काठी घेऊन बसला होता. नाल्याच्या खालच्या अंगाला त्याची डांगराची वाडी होती. पाखरं भेलकांडताना त्यानं पाहिली, काटे तोडून झिरा झाकला आणि पाण्यावर येणाऱ्या शेळ्या हाकलत बसला.

“सांगाले काहून नाही आला?” नायक त्याच्यावर ओरडला.

उकंडा उठला. “आलतो ना. तुमच्या शिवेवर उभा राहून हाका मारल्या. टाळाच्या आवाजात कोणाले आयकू नाही आलं. अंदर यावं, त तुमीच म्हणसान, काहून आला.”



तेवढ्यात तांड्याकडून हाक आली. जमनीचे हात कापायला लागले होते, तिला चक्कर येत होती. मारेगावचा दवाखाना गाठायला हवा होता. भावसिंगची बैलगाडी दारात होती, पण बैल एकच. तांड्यातले बाकीचे बैल चरायला टेकडीपलीकडे गेलेले. भावसिंग जुवाला हात लावून नुसता उभा राहिला. 

उकंडानं विचारलं नाही. वाडीत बांधलेला आपला बैल सोडून तो शिवेवरून सरळ आत आला, आणि लाख्याच्या जागी त्यानं तो जुंपला. “वळखीन हा तुह्या बैलाले, संगं चरलेला हाय,” एवढंच तो म्हणाला. दोन्ही बैल एकमेकांना हुंगून चालू लागले. पंचांनीच बाजूला सरून गाडीला वाट दिली.

ती वाट भावसिंग जन्मभर विसरला नाही. गाडीत जमनीचं डोकं सोनीबाईच्या मांडीवर होतं. पोरीचे ओठ निळसर झाले होते. मध्येच तिच्या अंगाला झटका यायचा आणि सोनीबाई रामाचं नाव घ्यायची. भावसिंग पुन्हा पुन्हा वर पाहत होता. काल ज्या सावलीला तो भ्याला, ती आज आभाळात शोधूनही नव्हती. टेकडीपासून मारेगावपर्यंत सारं आभाळ रिकामं होतं, आणि त्या रिकाम्या आभाळाचीच त्याला आता भीती वाटत होती.

डॉक्टरांनी रात्रभर तिला सोडलं नाही. सकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले, ओंजळच होती म्हणून वाचली, आणि ओकवलं हे बरं केलं. पोटातल्या जिवाचं आज काही सांगता येत नाही. घरच्यांचा जीव टांगणीला लावून ते आत गेले.

दोन दिवसांनी भावसिंग एकटाच तांड्यावर आला, कारण मेलेली पाखरं अजून तशीच होती. बुवा थांबले होते. त्यांनी आणि उकंडानं नाल्यापासून दूर, टेकडीपल्याड खड्डा खणायला घेतला होता. भावसिंगनं फावडं हातात घेतलं. लाख्याचं उरलेलं शरीर त्यानं स्वतः दोर लावून, तांड्याच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत ओढत आणलं. आपापल्या दारात उभे राहून लोक पाहत होते. थोड्या वेळानं नायकानं डोक्याचं पागोटं खुंटीला टांगलं आणि दोराचं दुसरं टोक धरलं.

खड्ड्यापाशी बुवांनी एक गिधाड उचललं आणि त्याचा पंख उघडून धरला. तो माणसाच्या हातांत मावत नव्हता.

“आता पाहा,” बुवा म्हणाले. “तवा राहून गेलतं.”

भावसिंगनं पाहिलं. मान उघडी होती, तिच्या बुडाशी पांढऱ्या मऊ पिसांचं कडं होतं, जसं थंडीत म्हाताऱ्यानं गळ्याभोवती उपरणं गुंडाळावं. पंख काळपट, आणि त्यांच्याखाली पाठीवर एक स्वच्छ पांढरा पट्टा.

“हेच व्हतं का तुह्या आढ्यावर?”

“होय,” भावसिंग म्हणाला. “पाठ पांढरी दिसलती. आता ध्यानात येते.”

“पांढऱ्या पाठीचं गिधाड. उच्चीच्या उच्ची झाडावर घरटं करते, आन त्याच झाडावर पिढ्यान् पिढ्या बसते.” बुवांनी पंख मिटला. “नाल्यावर या पाखराईचं कोणतं झाड व्हतं?”

 लहानपणी भावसिंग आणि उकंडा ज्याच्या सावलीत डुंबत, ज्याचं खोड गिधाडांच्या विष्ठेनं चुन्यासारखं पांढरं झालेलं असे, ते झाड भावसिंगच्या डोळ्यांपुढं आलं.

“कहू,” उकंडाच म्हणाला.

“तो आता कुठी हाय?”

भावसिंग खाली बसला. 

“तुह्या घरावर ते बसलंच नाही, बाप्पा,” बुवा शांतपणे म्हणाले. “ते आपल्या झाडावर बसलं. झाड तू घरी नेलं. ढोर तू घरामागं टाकलं. कातडं काढलेलं नव्हतं, ते त्याले फाडता येत नव्हतं, म्हून वाट पाहत बसलं. अर्धा घंटा पळसाखाली बसला असता, त सारं दिसलं असतं. भगताले तांदूळ टाकायची गरज नव्हती.”

नायकानं विचारलं, की मग आता घराची शांती करायची का? बुवा म्हणाले, करा, पण होम नको. ज्याचं ढोर त्यानं टेकडीपल्याड न्यायचं, त्यात दंड कसला नि विटाळ कसला. औषधाचा डबा कुलपात ठेवायचा. आणि ज्या माणसानं तुमचा झिरा राखला, त्याला शिवेवर उभं करायचं नाही. एवढी शांती केली, तर राम त्या घरात पाऊल ठेवील.

नायक उकंडाकडे वळला.  “आमी चुकलो,” तो म्हणाला.

“दोर देत व्हतो ना मी,” उकंडा किंचित हसून म्हणाला, “कोणी घेतला नाही.”

आषाढात जमनी बाळंत झाली. मुलगी झाली, अशक्त, पण रडली. त्या रडण्याचा आवाज ऐकून भावसिंग अंगणात मातीत बसला आणि त्यानं ओट्याकडे हात जोडले. आढं उतरवलं नाही. पण त्या पावसाळ्यात त्यानं नाल्याकाठी कहूची रोपं लावली आणि उन्हाळाभर कावडीनं त्यांना पाणी घातलं. झाड मोठं व्हायला माणसाची पिढी जाते, हे त्याला ठाऊक होतं.

गिधाडं मात्र आली नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात नायकाची म्हैस मेली. ती टेकडीपल्याड नेऊन टाकली, आणि सारा तांडा वर पाहत राहिला. एक दिवस गेला, दुसरा गेला. ठिपका दिसला नाही. म्हैस फुगली, वाऱ्यानं दुर्गंधी आली, रानातली कुत्री टोळीनं जमली आणि शेळ्यांच्या अंगावर जाऊ लागली. शेवटी माणसांनी तोंडाला फडकी बांधून कडक जमिनीत खड्डा खणला. जे काम पाखरं एका दुपारी, कुणाकडून काही न मागता करून जात, त्यासाठी तांड्याच्या सहा गड्यांना दोन दिवस पुरले नाहीत. तेव्हा लोकांना कळलं, की अशुभ निघून गेलेलं नाही, राखणदार निघून गेला आहे.

बंधू-भगिनींनो, ज्याला आपण वाईट म्हणतो त्याच्याकडे आपण कितीदा नीट पाहिलेलं असतं? पाखराकडे नाही, आणि शिवेवर उभ्या असलेल्या माणसाकडेही नाही. भीती डोळे मिटायला लावते, आणि मिटल्या डोळ्यांनी हात जे करतो, त्यालाच पुढं अरिष्ट म्हणायची पाळी येते. देवानं डोळे दिले ते आधी पाहण्यासाठी. मग ठरवावं.

त्यानंतरच्या चैत्रात एके दुपारी सोनीबाई नातीला घेऊन अंगणात बसली होती. उन्हात काही तरी हललं. एक अंधुक सावली अंगणाच्या कडेनं सरकली. जुन्या सवयीनं सोनीबाईनं पोरीवर पदर ओढला आणि चप्पल उचलली.

“थांब,” भावसिंग म्हणाला. त्यानं तिच्या हातातली चप्पल काढून घेतली, नातीला खांद्यावर बसवलं, कपाळावर हात धरला आणि मान वर केली. “आधी पाहू दे, कोण हाय ते.”

फार उंचावर एकच ठिपका होता. तो वळला, तेव्हा क्षणभर पाठ पांढरी चमकली.